सावकाराच्या खणीला भिंत

तुमच्या मातीला सावकार आला होता, आणि तो रडला. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. पांढरी विजार, पांढरा शर्ट, हातात घडी केलेला रुमाल. तुमच्या पायाशी उभं राहून त्यानं डोळे पुसले, आपल्या विकासच्या खांद्यावर हात टाकला आणि "आप्पा गेलं म्हंजे ह्या भागातला देवमाणूस गेला" असं म्हणाला, चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं. तुम्ही डोळे मिटून गप पडलेले. जिवंतपणी त्याच्यापुढं गप राहिलात ते राहिलात, मेल्यावरही त्याचंच ऐकून घेतलंत. त्या वेळी मला त्याचा जास्त राग आला की तुमचा, ते अजून ठरलेलं नाही.

गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय. माझं बोलून झालं होतं आणि तुमचं तुम्ही "बरं वाटू दे, मग बोलू" म्हणून पुढं ढकललं होतंत. बरं काही वाटलं नाही. आता उरलेलं मीच बोलणार, आणि मध्येच उठून परड्यात जायची सोय तुम्हाला नाही. आणखी एक. तुम्ही त्याला जन्मभर अहो-जाहो केलंत. मी लिहिताना अरे-तुरेच करणार आहे.

जगाला तुम्ही पाणबुडे आप्पा. निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवसभर पोती हलवायची आणि कुठून निरोप आला की अंगावरची धूळ न झटकता निघायचं. कधी कंग्राळीकडची विहीर, कधी येळ्ळूरकडचं तळं, कधी वेदगंगेचा डोह. आधी पोलीस यायचे, मग आगीचा बंब यायचा, दोघांची दमणूक झाली की कुणीतरी म्हणायचं, आप्पाला बोलवा, आणि आक्कालाबी आणा, तिच्याबिगर ते उतरत न्हाईत. खरंच उतरत नव्हतात. दोराचं एक टोक तुमच्या कमरेला आणि दुसरं माझ्या हातात. एक हिसका म्हणजे ढील दे, आणि हिसक्यामागून हिसके आले की वर ओढ. विकास लहान असताना त्यानं विचारलं होतं, गावात एवढे तगडे गडी आहेत, मग दोर आईच्याच हातात का? तुम्ही म्हणालात, "गडी पाण्याकडं बगत्यात. ही दोराकडं बगती." सगळ्या संसारात माझं एवढं एक कौतुक केलंत, आणि तेही माझ्याकडं न बघता.

एकदा एक नवा हवालदार घाबरून मला सारखा ओरडत होता, "हग्ग बिडबेडम्मा, हग्ग बिडबेड." दोर सोडू नको बाई, दोर सोडू नको. मी त्याला कानडीतच सांगितलं, सोडायचा असता तर लग्न लागतानाच सोडला असता. तो हसला आणि मग लाजला, कारण समोर एक आई रडत बसली होती. तुम्ही वर आल्यावर हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझ्यावरच चिडलात. मयताच्या जागी थट्टा करायची नाही, हा तुमचा कायदा. पण थट्टेशिवाय ते काम मला झेपलं नसतं, हे तुम्हाला कधी कळलं नाही.

लोक गळ घेऊन यायचे. दोरीला लोखंडी आकडे बांधून तळ खरवडायचा, काय लागेल ते वर. तुम्ही गळ बघितला की भडकायचात. "माणूस हाय का मासा?" एवढं म्हणायचात आणि गळ टाकणाऱ्याच्या हातातून काढून बाजूला ठेवायचात. हातानं शोधायचं आणि हातानंच आणायचं. बाईमाणूस असेल तर मी माझं जुनं लुगडं घेऊन काठाजवळच्या पाण्यात उतरायची, कारण कपडे पाण्यात कुठल्या कुठं गेलेले असतात आणि काठावर गर्दी डोळे फाडून उभी असते. पाण्यातच गुंडाळायचं आणि मग वर घ्यायचं. ही तुमची शिकवण नव्हे, माझी. तुम्ही फक्त पहिल्या वेळी मान डोलावलीत आणि पुढं कधी लुगडं घ्यायला विसरले तर तुम्हीच आठवण करायचात.

आणि एवढ्या गार पाण्यात तास न् तास काढणारा हा माणूस घरी अंघोळीला कढत पाणी मागायचा. पाण्यातून वाफ निघत नसेल तर "हे काय पानी हाय?" म्हणून तांब्या आपटायचा. उन्हाळ्यातसुद्धा न्हाणीची चूल पेटवायला लावलीत. आता पेटवायचं कारण नाही, तरी मी पेटवते. त्या राखेचं पुढं काय झालं ते सांगतेच.

त्याच्या आधी ती रीत सांगितली पाहिजे. तुम्हाला ठाऊक आहे, पण बाकीच्या कुणाला नाही, आणि सगळं त्या रीतीनंच बिघडवलं.

बुडालेलं माणूस काढून दिलं की त्या घरचे आपल्याला एक कापड आणि एक नारळ द्यायचे. कधी टॉवेल, कधी उपरणं. ते हातात पडलं की तिथं थांबायचं नाही. शब्द बोलायचा नाही, वळून बघायचं नाही, सरळ चालू लागायचं. नाहीतर पाण्यातलं आपल्याबरोबर परत त्या घरात येतं, अशी लोकांची समजूत. चहा दिला तर तो उंबऱ्याबाहेर, कागदी कपात, आणि तो कप आपणच चुरगाळून घेऊन जायचा. पहाटे कामावर निघालात आणि कुणाच्या आडवे गेलात तर ते माणूस परत घरात शिरायचं. त्यात भीती किती आणि जात किती हे मी तुम्हाला विचारायची, तर म्हणायचात, "दोन्ही येकाच पोत्यातलं हाय." तुमचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. दर जयंतीला विहारात पोरांना बसवून तुम्ही सांगायचात, मेलेलं माणूस कुणाच्या मागं लागत नाही, मी एवढी बाहेर काढली, एकानंसुद्धा माझा पत्ता विचारला नाही. पोरं खिदळायची.

मग ती रीत का पाळता, म्हणून मी भांडायची. मला वळून बघावंसं वाटायचं. त्या बाईजवळ बसावंसं वाटायचं. तुम्ही म्हणायचात, "त्यांच्या रडन्यात आपलं शानपन कशाला? जाऊया की गुमान." आणि जायचात. मी दोर गोळा करायची आणि तुमच्या मागून चालायची. असं आयुष्यभर चाललो. पायांना दुसरं काही ठाऊकच राहिलं नाही.

आता सावकाराची खण. हमरस्ता रुंद झाला तेव्हा त्याच्या माळावरचा दगड उचलला गेला आणि मागं खड्डा राहिला. सावकार म्हणजे व्याजबट्ट्यातला नव्हे, आपल्या भागात जमीनवाल्या बड्या माणसाला मानानं सावकार म्हणतात, तसला. खड्ड्यात पाणी भरलं. हिरवं, थंड, दिसायला सुंदर. त्यानं शेजारीच रस्त्याकडेला ढाबा काढला, खणीत मोटर बसवली आणि ढाब्याचं सगळं पाणी तिथूनच उचलू लागला. खणीला विहिरीसारख्या पायऱ्या नसतात आणि तळ्यासारखा उतार नसतो. कापलेला कडा, त्याच्यावर शेवाळ, पाय घसरला की सरळ खाली. गुराखी गेला, ढाब्यावर थांबलेला एक ट्रकवाला अंघोळीला उतरला तो गेला. प्रत्येक वेळी आपण गेलो आणि प्रत्येक वेळी तुम्ही सावकाराला म्हणालात, कडेनं भिंत घाला. "घालूया की आप्पा, पावसाळा सरू दे." मग इलेक्शन होऊ दे. मग पोराचं लगीन होऊ दे.

मग सुमनची आरती गेली.

सुमन आपल्याच गल्लीतली, आणि आरती माझ्या अंगणवाडीतून पहिलीत गेलेली. शेळी सोडवायला गेली होती. त्या दिवशी दोराला नुसता ताण होता, हिसका नाही, आणि मला वाटलं तुम्हालाही काही झालं. मग तुम्ही स्वतःच वर आलात, तिला छातीशी धरून, पोहत. ओलेत्या अंगानं तिला सुमनच्या मांडीवर ठेवलंत. सुमनच्या दिरानं टॉवेल-नारळ पुढं केला, तो तुम्ही त्या एका वेळी घेतला नाही. तसेच निथळत ढाब्यावर गेलात. गल्ल्यावर सावकार बसला होता. गिऱ्हाइकं जेवत होती. तुम्ही म्हणालात, "सावकार, भित्त घाला." तो म्हणाला, "आप्पा, अंग पुसा आदी, थंडी वाजंल." आणि पोऱ्याकडून तुम्हाला चहा देवविला. बाहेर. कागदी कपात.

तुम्ही तो प्यालात. ते मी विसरणार नाही.

मी म्हणत होते, पोलिसात जाऊ. रस्त्यावर बसू. ढाब्यावर जेवणाऱ्या प्रत्येकाला सांगू की तुमच्या आमटीत कुठलं पाणी आहे. तुम्ही म्हणालात, गोडीनं होतंय का बघू. गोडीनं म्हणजे काय, तर संधी आली की चारचौघांत त्याला सांगू, मग त्याला नाही म्हणता येणार नाही. आणि संधी आली. बेळगावातल्या लोकांनी आपल्या दोघांचा सत्कार ठरवला. पाण्यातली आयुष्यभराची सेवा. जोडप्याचा सत्कार, तुमच्या बरोबरीनं माझंही नाव. आणि शाल द्यायला पाहुणा कोण, तर सावकार.

टिळकवाडीत विकासच्या फ्लॅटवर आपण आदल्या दिवशीच गेलो. सूनबाईनं तुमचा शर्ट इस्त्री केला. मी तुम्हाला आरशासमोर उभं करून एक वाक्य पाठ करून घेतलं: "सावकार, शाल नको, भित्त द्या." तुम्ही ते दाढी करताना म्हणालात, जेवताना म्हणालात, गाडीत बसल्यावर म्हणालात. विकास म्हणत होता, आई, कार्यक्रमाचा विचका करू नका. त्याच्या बँकेतली माणसं येणार होती. मी त्याला म्हटलं, विचका करायलाच चाललोय. हॉलवर पोचलो तर बॅनरवरून वाद लागलेला, वर कानडी की वर मराठी. आपण कोपऱ्यात बसलो होतो आणि तुम्ही ओठ हलवत तेच वाक्य घोकत होतात. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा अर्धा तास. शाळेत पाठांतराला उभ्या राहिलेल्या पोरासारखे दिसत होतात.

मग स्टेजवर बोलावलं. सावकारानं तुमच्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. माझ्या हातात साडी आणि नारळ. माईक समोर होता. निवेदक म्हणाला, आप्पांनी दोन शब्द बोलावेत.

आणि तुम्ही वळलात. खाली मान, तोंडात शब्द नाही, मागं बघणं नाही, सरळ पायऱ्यांकडं. आणि मी? मीही चालू लागले, तुमच्या मागून, दोर गोळा करून निघाल्यासारखी. पायऱ्या उतरून खाली आल्यावर माझं मला कळलं. तोवर अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. निवेदक गहिवरला होता. "ही नम्रता बघा, दोन शब्दसुद्धा नकोत." आणि सावकार आपल्या पाठीला हात जोडून उभा होता. एवढा मोठेपणा त्याला फुकटात मिळाला.

गाडीत मी तुम्हाला काय काय बोलले ते सगळं खरं होतं आणि मी त्यातलं काही परत घेत नाही. तुम्ही म्हणालात, "कापड-नारळ हातात आला की पाय वळत्यात गं. मला ठावंच न्हाई राहिलं." मी म्हटलं, "मयताच्या दारात हुतो व्हय आपन?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "सावकाराच्याच हातनं घेटला न्हवं का नारळ? मग मयताच्याच दारात." विकासनं आरशातून मागं बघितलं. घरी उतरताना तुम्ही म्हणालात, आयतवारी ढाब्यावर जाऊन सांगतो. आयतवारी तुम्हाला ताप होता.

डॉक्टर म्हणाले, छातीत वखारीतली धूळ साठलीय, वर्षानुवर्षांची. असेल. ते शिकलेत. मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत होते की खणीच्या पाण्यानं झालंय, आणि सूनबाई मला हळूच कोपर मारत होती. शेवटच्या दुपारी तुम्हाला बोलता येत नव्हतं. तुम्ही चादरीतून हात काढलात, माझ्या पदराचं टोक धरलंत आणि ओढू लागलात. हिसका, परत हिसका, परत हिसका. मला त्याचा अर्थ कळत होता. जगात तो फक्त मलाच कळत होता. मी तुमचा हात दोन्ही हातांनी धरून ओढला, नर्स म्हणाली सलाईन निघेल, तरी ओढला. त्या दिवशी काही वर आलं नाही. एवढं एकच मला तुमच्याशी रागावून बोलता येत नाही, म्हणून पुढं जाते.

विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला सावकार आला, हार घेऊन, आणि त्याला बोलायला दिलं. कोण नको म्हणणार? तो म्हणाला, आप्पांचं नाव राहिलं पाहिजे. म्हणून मी ठरवलंय, आपल्या खणीत बोटिंग सुरू करतो, आणि त्याला आप्पांचंच नाव देतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलीच माणसं. सुमन बायकांच्यात बसली होती, तिनं टाळी वाजवली नाही. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं.

मग त्यानं मला साडी-नारळ पुढं केला. मी हात पदराखालीच ठेवले. तो नारळ धरून उभा, आणि मी समोर उभी. घेतला नाही तर जायचं कारणच नाही, हे मला तेव्हा सुचलं. आणि मग मी जे बोलले ते मी ठरवून आले नव्हते, शपथेवर सांगते. मी म्हटलं, "सावकार, बोटिंगचं ऱ्हाऊ दे. त्यांची शेवटची इच्छा येगळी हाय. माजी रक्षा त्याच खणीत सोडा म्हनाले."

त्याचा हात तसाच राहिला.

रक्षा कुठली? तुमची राख विकासनं आणि मी तिसऱ्याच दिवशी परड्यातल्या आंब्याच्या रोपाखाली घातली होती, जसं तुम्ही सांगितलं होतंत तसं. नदी नको, कर्मकांड नको, झाडाला घाला. पण जीभ सुटली ती सुटली. घरी आले, कुंभाराचं नवं मडकं होतं ते घेतलं, न्हाणीच्या चुलीतली राख त्यात भरली, तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि पडवीच्या आढ्याला टांगलं. रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. विकास रविवारी आला आणि मडक्याकडं बघून त्यानं चपला काढल्या, हात जोडले. मग त्याला खरं सांगितलं. त्यानं डोकंच धरलं. "आई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, तेच तर म्हणायला पाहिजे त्यांनी.

आणि लोक म्हणू लागले. ज्या माणसानं एवढी मढी काढली त्याची राख खणीत पडली, तर तिथलं पाणी राहील का ते? ढाब्यावर जेवायला बसलेली गिऱ्हाइकं पाणी कुठलं विचारू लागली. बोटीवाला निपाणीहून बघायला आला होता, तो चहा न पिताच गेला. जी भीती आपल्याला जन्मभर उंबऱ्याबाहेर ठेवत होती, ती मी पहिल्यांदा कामाला लावली.

सावकार सकाळी सकाळी आला. एकटाच. मी त्याला आत या म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेर उभा केला, मडक्याच्या खाली. चहा केला आणि आणून दिला, कागदी कपात. खास त्याच्यासाठी निपाणीहून आणले होते कप. कपाकडं बघून त्याला काय वाटलं ते ठाऊक नाही, पण मला फार बरं वाटलं. तुम्ही असतात तर मला आत ओढून नेलं असतंत.

"आक्का," तो म्हणाला, "रक्षा व्हात्या पान्यात सोडावी. खण म्हंजे काय नदी हाय व्हय?"

"व्हात्या पान्यात मानूस लांब जातंय, सावकार. त्यांना हितंच ऱ्हायचंय. राखन करायची म्हनत हुते."

"कशाची राखन?"

"पोरं पडू नयेत म्हनून."

त्यानं मडक्याकडं बघितलं आणि एक पाऊल बाजूला सरकला. "आवं पन ढाब्याची मोटर तितंच हाय. पेयाचं पानी हाय त्ये."

"म्हाईत हाय की. आरती गेली तवाबी मोटर चालूच हुती."

त्याच्या हातात चहा निवत होता. मग म्हणाला, "आन भित्त घाटली तर?"

"भित्त घाटली तर राखन कशाला लागंल? मग मी इच्यार करीन."

कप त्याच्याच हातात राहिला. टाकायला जागा शोधत होता. मी म्हटलं, "घेऊन जावा बरोबर." आणि तो घेऊन गेला. तेव्हा मी आत येऊन तुमच्या फोटोसमोर मनसोक्त हसले, आणि हसता हसता रडले, आणि मग परत हसले.

दुसऱ्याच दिवशी माळावर दगडाचे ट्रॅक्टर लागले.

आता तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. तुम्ही म्हणताय, आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो की मेलेलं माणूस कुणाचं काही करत नाही, आणि तू मलाच भूत करून टांगलंस? व्हय, टांगलं. तुमच्या शहाणपणानं आरतीच्या आधी भिंत झाली नाही, आरतीच्या नंतर झाली नाही, सत्काराच्या स्टेजवर झाली नाही. माझ्या एका खोटेपणानं झाली. जयंतीला पोरांना कोण सांगेल ते मला ठाऊक नाही. मी तर सांगू शकत नाही, मी ती वाट बंद करून बसले. ते मला लागतं. तुमच्या इतक्या वर्षांच्या बोलण्यावर मी मूठभर राख टाकली, हे मला कळतं. तरी परत वेळ आली तर परत टाकीन.

भिंत परवा पूर्ण झाली. छातीएवढी, सिमेंटात बसवलेली, चांगली जाड. आणि उरकली किती लवकर! सावकारानं निरोप धाडला, आक्का, आता येऊन बघा आणि त्या मडक्याचं बघा. मी सुमनला घेऊन गेले. मला वाटलं तिला बरं वाटेल. खरं सांगायचं तर मला दाखवायचं होतं, मी काय करून घेतलं ते. सावकार तिथं हात बांधून उभा होता. सुमननं भिंतीवर हात ठेवला. दगडावरून, सांध्यावरून फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मग माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाली, "एवढंच काम हुतं व्हय, आक्का?"

सावकार खाली बघू लागला. मीही.

तुम्ही असतात तर तिथंच त्याला माफ केलं असतंत. म्हणाला असतात, उशिरा का होईना, घातली की भिंत, झालं गेलं. तुम्ही करा माफ, तुमचा हात मोठा आहे. मी त्याला तिथंच सांगितलं, सुमनच्या समोर, की मडकं उतरणार नाही. एक पावसाळा बघू, दगड हलतो का. मग दुसरा बघू. तो जाता-येता आमच्या पडवीकडं बघतो आणि बघताना मोटारसायकल हळू करतो. त्याच्या घरचे म्हणे ढाब्यावर पाणी पीत नाहीत, घरून बाटली नेतात. नेऊ देत. तो जगेल तोवर ते मडकं तिथंच लटकणार, आणि मी आधी गेले तर विकासला बजावून जाणार. तुम्ही आंब्याखाली निवांत पडा. त्याला निवांत पडू द्यायचं नाही एवढं एक काम माझ्याकडं आहे, आणि ते मी तुमच्यासाठी नाही, त्या पोरीसाठी करतेय.